हुद्दा आणि अधिकार : अल्पसंख्य स्त्रियांच्या कार्यजीवनावरील लेखसंग्रहाची प्रस्तावना

नागपूर आणि कामठी यांच्या दरम्यान डोक्यावर लोकांचे सामान वाहून संसार चालवणाऱ्या जाईबाई चौधरी यांची बुद्धिमत्ता ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंनी हेरली आणि दरमहा ४ रुपये वेतनावर त्यांना शाळेत शिक्षिका म्हणून नेमले. परंतु अस्पृश्य स्त्री आपल्या मुलांना शिकवते आहे हे कळताच सवर्ण पालकांनी असा गहजब केला, की जाईबाईंना ती नोकरी सोडणे भाग पडले. पुढे १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा स्वतःच काढली, एका समाजाच्या शिक्षणाचा भार आपल्या खांद्यावर घेतला आणि नेतृत्व म्हणजे काय ते कोणत्याही हुद्द्यावाचून दाखवून दिले. आणि तरीही, १९३७ साली नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या प्रसंगी, जेथे सर्व स्त्रिया एकत्र आल्या आहेत असे जाहीर केले गेले होते तेथे, भोजनाच्या वेळी त्यांना इतरांपासून वेगळे बसवण्यात आले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात हा वृत्तांत जतन केला नसता, तर आज तो आपल्याला ठाऊकही झाला नसता.

प्रस्तुत संग्रहाचा विषय या एका चरित्रात जवळजवळ संपूर्ण सामावलेला आहे, म्हणून त्याच्यापासून आरंभ केला. शाळेला शिक्षिका हवी होती, जाईबाई त्या कामाला लायक होत्या, नेमणूक करणारी व्यक्ती अनुकूल होती आणि तिने रीतसर नेमणूक केलीही होती. उणीव होती ती एवढीच, की ज्यांच्यावर या नेमणुकीने अधिकार चालावयाचा, त्यांनी तो मानला नाही. कोणत्याही कचेरीतला, कारखान्यातला वा रुग्णालयातला अधिकार दोन गोष्टींनी सिद्ध होतो: वरून आलेला लेखी हुकूम, आणि बरोबरीच्या व हाताखालच्या माणसांनी त्या हुकुमाला दिलेली रोजची मान्यता. आपल्या देशातील शंभर वर्षांच्या कायद्यांनी आणि चळवळींनी पहिली गोष्ट पुष्कळ अंशी मिळवून दिली आहे. दुसरी मात्र जात, धर्म आणि लिंग यांच्या जुन्या उतरंडीच्या स्वाधीन राहिली, आणि अल्पसंख्य स्त्रीला अधिकारपदाच्या वाटेवर जे अडथळे येतात त्यांतले बहुतेक या दुसऱ्या गोष्टीच्या अभावातून निर्माण होतात, हे माझे मत मी प्रारंभीच नमूद करून ठेवतो.

‘अल्पसंख्य’ कोणाला म्हणावे याविषयी संपादिकांनी जो मार्ग स्वीकारला आहे तो कायद्याच्या व्याख्येहून रुंद आहे. १९९२ च्या केंद्रीय कायद्याखाली मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी, व २०१४ पासून जैन, हे समाज अल्पसंख्य म्हणून अधिसूचित आहेत. संग्रहात त्यांच्या जोडीला दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजांतील स्त्रियाही आहेत, कारण अधिकारपदांच्या हिशेबात त्याही अल्पसंख्यच आहेत. महाराष्ट्रात तर या दोन कक्षा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी सुमारे ६५ लाख या एका राज्यात राहतात, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या. उलट दलित मुस्लिम आणि दलित ख्रिस्ती स्त्रियांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्या आजही मिळत नाहीत. एकाच वस्तीत वाढलेल्या, एकाच शाळेत शिकलेल्या दोन मुलींच्या सेवापुस्तकांत केवळ धर्माच्या रकान्यामुळे किती अंतर पडू शकते, हे ज्यांनी आस्थापनेत काम केले आहे त्यांना सांगावयास नको.

या विषयाच्या इतिहासाला महाराष्ट्रात एक आणखी जुना दुवा आहे. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पारशी वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या, परंतु ज्या सरकारी शिष्यवृत्तीला त्या गुणानुक्रमाने पात्र ठरल्या होत्या ती स्त्रीला देता येत नाही म्हणून नाकारली गेली. हितचिंतकांच्या वर्गणीवर त्या ऑक्सफर्डला गेल्या, कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी मात्र विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केल्यावर, म्हणजे सुमारे तीस वर्षांनी हाती पडली. १९०४ साली त्यांना बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये जी जागा मिळाली, ती पडदानशीन जमीनदार स्त्रियांच्या जनानखान्यात पुरुष अधिकाऱ्याला प्रवेश नव्हता म्हणून मुद्दाम निर्माण केलेली होती, आणि तिचे नाव ‘साहाय्यक’ असे होते. शेकडो इस्टेटींच्या वारसाहक्कांचे गुंतागुंतीचे तंटे ज्या बाईने सोडवले, तिला वकिलीची सनद १९२३ च्या कायद्यानंतरच मागता आली. पुढच्या काळात वारंवार दिसणारी एक रीत येथे प्रथम आढळते. जेथे पुरुषाला जाता येत नाही अशा अपवादात्मक जागी अल्पसंख्य स्त्रीला आनंदाने बोलावले जाते, त्या जागेच्या कुंपणात तिचे कर्तृत्व मान्य होते, आणि ते ओलांडून सर्वसाधारण अधिकाराकडे येऊ लागताच नियम आठवतात.

नियम कसे आठवतात, याची उदाहरणे स्वातंत्र्योत्तर काळातही थोडी नाहीत. केरळच्या ख्रिस्ती कुटुंबातील अ‍ॅना राजम यांची १९५१ साली भारतीय प्रशासन सेवेत निवड झाली; या सेवेतल्या त्या पहिल्या स्त्री. निवड मंडळाने त्यांना स्त्रीला शोभेलशी दुसरी सेवा घेण्याचा सल्ला दिला, आणि तो नाकारल्यावर विवाह झाल्यास सेवा समाप्त होईल अशी अट नेमणुकीच्या हुकुमातच घातली. तो नियम पुढे रद्द झाला, आणि त्याच बाईंनी नंतर आपल्या न्हावाशेवा बंदराच्या उभारणीची धुरा सांभाळली. कोडगूच्या लहानशा कोडव समाजातल्या सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत आल्या, राजदूत झाल्या, आणि तरीही पदोन्नतीसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्त्री-अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी असे सांगणाऱ्या नियमांवर कठोर भाष्य केले. त्यानंतर १० वर्षांनी फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री-न्यायमूर्ती झाल्या. त्या मुस्लिम होत्या, आणि त्यांच्यानंतर दुसरी मुस्लिम स्त्री त्या पीठावर अद्याप बसलेली नाही. पहिल्या स्त्रीचा सत्कार करून समाज कर्तव्यातून मोकळा होतो, अशी शंका या उदाहरणांवरून मला येते.

संविधानाने या प्रश्नावर जे उपाय योजले ते दोन स्वतंत्र प्रवाहांतून आले, आणि या स्वतंत्रपणातच आजच्या पुष्कळ अडचणींचे मूळ आहे. जातीवरील अन्यायाच्या परिमार्जनासाठी अनुच्छेद १६ खालील आरक्षण आले, १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी ते पदोन्नतीपर्यंत नेण्याची मुभा दिली. स्त्रियांसाठी महाराष्ट्राने १९९४ च्या महिला धोरणाच्या सुमारास शासकीय सेवेत ३० टक्के समांतर आरक्षण लागू केले. हे समांतर आरक्षण प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजले जाते, म्हणून सेवाप्रवेशाच्या वेळी दलित वा आदिवासी स्त्रीला त्याचा खरोखर उपयोग होतो. परंतु ते प्रवेशापुरतेच आहे. पुढे पदोन्नतीची बिंदुनामावली उघडते तेव्हा तिच्यात जात असते आणि लिंग नसते. त्यातही पदोन्नतीतील आरक्षणाविषयीचा राज्याचा निर्णय उच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द ठरवल्यापासून हा मार्ग कोर्टकचेऱ्यांत अडकलेला आहे. मुस्लिम वा ख्रिस्ती स्त्रीसाठी धर्माच्या आधारे तेवढीही तरतूद नाही. सच्चर समितीने २००६ साली दाखवले, की लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या मुस्लिमांचे भारतीय प्रशासन सेवेतील प्रमाण ३ टक्के होते. त्या तीन टक्क्यांत स्त्रिया किती हे पाहण्याइतके आकडे हाताशी उरतच नाहीत.

७३ व्या घटनादुरुस्तीने मात्र दोन्ही प्रवाह एकत्र आणले. पंचायतींतील किमान एक-तृतीयांश जागा व अध्यक्षपदे स्त्रियांसाठी, आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांचा हिस्सा, अशी ती तरतूद; महाराष्ट्राने २०११ साली ती निम्म्यावर नेली. निवडून आलेल्या दलित वा आदिवासी सरपंचबाईला खुर्चीवर बसू न देणे, सभेला गणसंख्या होऊ न देणे, सह्यांपुरते दप्तर घरी पाठवणे, आणि हे जमले नाही तर अविश्वासाचा ठराव आणणे, हे प्रकार इतके सार्वत्रिक होते, की आपल्या विधिमंडळाला स्त्री-सरपंचावरील अशा ठरावासाठी तीन-चतुर्थांश बहुमताची अट घालावी लागली. मान्यता मिळेपर्यंत हुकमाला संरक्षण लागते हे येथे कायद्याने ओळखले. पश्चिम बंगालमधील पंचायतींच्या अभ्यासातून अर्थशास्त्रज्ञांनी असेही दाखवले आहे, की स्त्री-प्रमुखाचा कारभार प्रत्यक्ष पाहिलेल्या गावांत पुढे स्त्री-उमेदवारांविषयीचा पूर्वग्रह कमी होतो. नोकरीच्या क्षेत्रात इतका मोठा प्रयोग कोणी केलेला नाही.

या विषयावरील विचारपरंपरांकडे वळताना अमेरिकेचा उल्लेख अपरिहार्य आहे, कारण तेथे त्याचे शास्त्र बनले. १९७७ साली रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या व्यापारी संस्थेचा अभ्यास करून दाखवले, की गटात अगदी थोड्या संख्येने असणारी माणसे व्यक्ती म्हणून पाहिली न जाता आपल्या वर्गाचे नमुने म्हणून पाहिली जातात, त्यांच्या चुका मोठ्या दिसतात आणि गुण वर्गाच्या नावे जमा होत नाहीत. पुढच्या दशकात ‘काचेचे छत’ ही प्रतिमा रूढ झाली. परंतु गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीला लागू पडणारी ही प्रतिमा आपल्याला लागू पडत नाही, आपले छत काँक्रीटचे आहे, पलीकडचे काही दिसतच नाही, असे कृष्णवर्णीय स्त्रियांनी म्हटले. या मतभेदाचे कायदेशीर रूप १९७६ सालच्या एका खटल्यात उघड झाले होते. जनरल मोटर्स या कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना नोकरीवर घेतलेच नव्हते, आणि नंतर नोकरकपात ज्येष्ठतेने केल्यामुळे १९७० नंतर घेतलेल्या सर्व कृष्णवर्णीय स्त्रिया बाहेर पडल्या. कंपनीने स्त्रिया नेमल्या होत्या, त्या गोऱ्या. कृष्णवर्णीयही नेमले होते, ते पुरुष. स्त्रिया नेमल्या म्हणून लिंगभेद नाही, आणि वंश व लिंग यांचा एकत्रित दावा मान्य करता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली या निकालाची चिकित्सा करून वंश आणि लिंग यांचा भार एकत्र पडतो हा जो सिद्धांत मांडला, त्याने पुढच्या साऱ्या चर्चेची दिशा बदलली. त्यानंतर ब्रिटनमधील रायन आणि हॅस्लम यांनी २००५ साली निदर्शनास आणले, की संस्था संकटात असताना स्त्रियांना प्रमुखपदी नेमण्याकडे कल दिसतो, आणि मग अपयशाचे खापर त्यांच्या माथी फुटते.

आपल्याकडे जात आणि लिंग एकत्र पाहण्याचा विचार परदेशातून आयात झाला असे मानणाऱ्यांना मी नम्रपणे १९४२ च्या जुलै महिन्यातील नागपूरच्या दलित महिला परिषदेचे ठराव वाचण्याची विनंती करीन. जातिसंस्था स्त्रीवरील नियंत्रणावर उभी असते हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ सालच्या निबंधातच मांडले होते; सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या त्या परिषदेने कायदेमंडळांत राखीव जागा मागितल्या, कामगार स्त्रियांसाठी रजा व निवृत्तिवेतन मागितले, आणि गिरण्यांत स्त्री-कामगारांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमाव्यात अशी मागणी केली. मुकादमाच्या जागी आपल्यातली बाई हवी ही मागणी हाच आमच्या विषयाचा गाभा आहे. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रियांच्या वेगळ्या भूमिकेची जी तात्त्विक मांडणी केली, तिची जमीन अशा परिषदांनी आणि आत्मकथनांनी तयार केलेली होती. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’चा उल्लेख येथे टाळता येणार नाही. संस्कृतमध्ये एम.ए. होऊनही त्यांना अध्यापनाची नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर सासरचे आडनाव लागले आणि ती मिळाली. विद्वत्ता तीच होती, अर्जावरचे नाव तेवढे बदलले होते.

या अनुभवाला पुढे संख्येचा आधार मिळाला. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवून २००७ साली दाखवले, की दलित आणि मुस्लिम नावांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा प्रतिसाद कमी येतो. लेड बाय फाउंडेशनने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हिंदू आणि मुस्लिम स्त्रीच्या नावाने सारख्याच पात्रतेचे अर्ज १००० जागांसाठी पाठवले होते; पहिलीला २०८ ठिकाणांहून अनुकूल उत्तर आले, दुसरीला १०३. आणि २०१२ च्या एका अभ्यासात देशातील १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्च मानलेल्या जातींचे आढळले.

प्रवेश आणि शिखर या दोन टोकांच्या मधली जी १५-२० वर्षे, त्यांच्याकडे संशोधकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही आणि हा संग्रह मुख्यतः त्यांच्याविषयी आहे. पदोन्नती एका दिवसात नाकारली जात नाही. गोपनीय अहवालात सलग काही वर्षे ‘उत्कृष्ट’च्या ऐवजी ‘चांगला’ असा शेरा पडतो, त्या शेऱ्याविरुद्ध दाद मागण्याजोगे त्यात काही नसते, आणि विभागीय पदोन्नती समितीच्या बैठकीत तोच निर्णायक ठरतो. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगेपर्यंत असे शेरे पुष्कळांना कळतही नसत. महसूल, बांधकाम, लेखा यांसारखी वजनदार टेबले एकीकडे आणि आवक-जावक, कल्याण, ग्रंथालय ही दुसरीकडे, यांचे वाटप कोणत्याही नियमात लिहिलेले नसते. बदलीच्या गावी मुस्लिम बाईला घर भाड्याने मिळत नाही, म्हणून ती बदली नाकारते, आणि मग तिच्या नावापुढे ‘फिरतीस अनुत्सुक’ अशी नोंद होते. डोक्यावरची ओढणी, डब्यातले अन्न, उच्चारातली वऱ्हाडी वा दालदी छटा, यांवर जे बोलले जाते ते तक्रार करण्याइतके मोठे नसते आणि विसरण्याइतके लहानही नसते. जात पडताळणीच्या दाखल्याची टांगती तलवार वर्षानुवर्षे असते. निर्णय प्रत्यक्षात ज्या संध्याकाळच्या बैठकींत होतात, तेथे तिला बोलावणे नसते, आणि घरी वा मोहल्ल्यात तिने तेथे जावे अशी इच्छाही नसते. आपल्याच समाजातील पुरुषांचा हा विरोध अनेक लेखिकांनी न लपवता सांगितला आहे, त्यासाठी लागणाऱ्या धैर्याची मला जाणीव आहे.

या मधल्या वाटेवरील सर्वांत भीषण उदाहरण भँवरीदेवींचे आहे. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या या कुंभार समाजातील स्त्रीने १९९२ साली आपल्या कर्तव्याचा भाग म्हणून एक बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला आणि त्याबद्दल तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचे १९९७ चे विशाखा मार्गदर्शक आदेश आणि २०१३ चा कायदा यांचा उगम तेथे आहे. आज प्रत्येक मोठ्या कचेरीत त्या कायद्याखाली समिती असणे बंधनकारक आहे. परंतु शासनाने तिला वरच्या जातींच्या घरांत हस्तक्षेप करण्याचे काम दिले आणि त्या कामासाठी लागणारे पाठबळ दिले नाही, हा प्रश्न त्या समित्यांच्या कक्षेत येत नाही.

गुणवत्तेचा आक्षेप येथे घेतला जाईल, म्हणून त्याचे उत्तर थोडक्यात देतो. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातील आकडेवारीचा अभ्यास केला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, उलट वरिष्ठ श्रेणींत ते वाढल्यावर काही अनुकूल परिणाम दिसला. आक्षेप घेणाऱ्यांनी यापुढे याच तोडीचा पुरावा द्यावा.

हा ग्रंथ आजच का हवा, याचे कारण सरकारी नोकरीचा विस्तार थांबला आहे हे होय. ज्या एका क्षेत्रात लेखी नियम, ज्येष्ठता यादी आणि दाद मागण्याची जागा होती, तेथे कंत्राटी नेमणुका वाढत आहेत, आणि शिकलेल्या मुली अशा खासगी संस्थांकडे वळत आहेत जेथे जातीधर्माची नोंदच ठेवली जात नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट कंपन्यांना किमान एक स्त्री-संचालक नेमणे बंधनकारक केले, हे स्वागतार्हच आहे. ती स्त्री कोणत्या समाजातून यावी याविषयी कायदा काहीच म्हणत नाही, आणि प्रवर्तकांच्या घरातील स्त्रीनेही अट पूर्ण होते. नोंद नाही म्हणून भेद नाही, असा जो युक्तिवाद या क्षेत्रात केला जातो, तो १९७६ च्या त्या अमेरिकन निकालाचाच पुनरुच्चार आहे.

संग्रहातील लेखिका निरनिराळ्या व्यवसायांतल्या आहेत: परिचारिका आणि अधिसेविका, बँकेतील अधिकारी, मुख्याध्यापिका, पर्यवेक्षिका, अभियंत्या, वकील. संपादिकांनी त्यांच्या निवेदनांना समाजशास्त्रीय परिभाषेचा साज चढवला नाही, आणि त्यांच्यातील विसंगतीही पुसल्या नाहीत. आरक्षणामुळे आपली मान खाली गेली असे म्हणणारी बाई आणि त्यामुळेच ती वर झाली असे म्हणणारी बाई येथे शेजारी शेजारी आहेत. एका मुद्द्यावर माझा संपादिकांशी मतभेद आहे. ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी अशा स्त्रियांना व्यक्तिशः मार्गदर्शन करावे या उपायावर त्यांनी बराच भर दिला आहे. मला तो अपुरा वाटतो, कारण जी कृपा मिळते ती काढूनही घेतली जाते. वाटप, बदली आणि मूल्यमापन यांचे निकष लेखी व उघड झाल्याखेरीज भल्या वरिष्ठाच्या निवृत्तीबरोबर त्याचे मार्गदर्शनही निवृत्त होईल. आदिवासी आणि विमुक्त स्त्रियांची निवेदने संख्येने थोडी आहेत, ही उणीव पुढील आवृत्तीत भरून निघावी.

ज्यांच्या हाती एखाद्या संस्थेची आस्थापना आहे अशा वाचकांना माझी एकच विनंती आहे. हे पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या संस्थेची ज्येष्ठता यादी मागवावी, प्रत्येक श्रेणीत स्त्रिया किती आणि सामाजिक प्रवर्ग कोणते ही माहिती दोन वेगळ्या तक्त्यांत न ठेवता एका तक्त्यात मांडावी, आणि तो तक्ता आपल्या वार्षिक अहवालात छापावा.